डाल्मेशियन पाळायचाय? ठिपके नंतर बघा, आधी पाय, कान आणि लघवी

डाल्मेशियनचं पिल्लू जन्मतं तेव्हा पांढरंशुभ्र असतं. अंगावर एकही ठिपका नसतो. दहा-बारा दिवसांनी, डोळे उघडायच्या सुमारास, कुठेतरी शाईचा बारीक शिंतोडा उडाल्यासारखं दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग रोज सकाळी नवे. पुढे साधारण दीड वर्षाचा होईपर्यंत ठिपके भरत राहतात आणि कुठल्याही दोन कुत्र्यांची नक्षी सारखी नसते. पहिल्यांदा एका वेतातली पिल्लं बघायला गेले होते तेव्हा मी तासभर तिथून हलले नव्हते.

बहुतेक माणसं या ठिपक्यांवरच भुलतात. १९९६ मध्ये ठिपकेवाल्या पिल्लांचा चित्रपट गाजला, तेव्हा अमेरिकेत या पिल्लांना एकदम मागणी आली. वर्ष उलटायच्या आत त्यातली कितीतरी कुत्री निवारा केंद्रांत सोडलेली सापडली. कुत्री वाईट नव्हती. घेणाऱ्यांना आपण काय घरी नेतोय हे कुणी सांगितलं नव्हतं.

डाल्मेशियन बाकीच्या कुत्र्यांहून तीन बाबतींत वेगळा आहे: त्याचे पाय, त्याचे कान आणि त्याची लघवी. हे तिन्ही नीट समजून घेतलंत तर तो तुमच्या घरात ११ ते १३ वर्षं मजेत राहील. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. पिल्लू ठरवण्याआधी वाचा, ठरवून बसला असाल तर आणखी लक्ष देऊन वाचा.

पायरी १: तो कुठला आणि कशासाठी घडला

नाव पडलं डाल्मेशियावरून. हा क्रोएशियाचा ॲड्रिॲटिक समुद्राकाठचा पट्टा. तिथल्या वेली लोशिन गावातल्या चर्चमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक चित्र आहे, त्यात असा ठिपक्यांचा कुत्रा दिसतो. झाओस्त्रोगच्या फ्रान्सिस्कन मठातल्या भित्तिचित्रातही आहे. १७७१ मध्ये थॉमस पेनंट या वेल्समधल्या निसर्ग अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं आणि त्याला डाल्मेशियन म्हटलं. श्वानांच्या जातींची नोंद ठेवणारी एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संस्थाही क्रोएशियालाच त्याची मायभूमी मानते.

नाव तिकडचं असलं तरी त्याच्या कामाची ख्याती झाली ती इंग्लंडमध्ये. घोडागाड्यांच्या काळात श्रीमंतांच्या बग्ग्यांबरोबर हे कुत्रे पळायचे. कधी घोड्यांच्या बाजूने, तर कधी चक्क गाडीच्या आसाखालून, चालत्या चाकांच्या मधोमध. वाटेत गाव-कुत्री आडवी आली तर त्यांना हुसकवायचं आणि मुक्कामी पोचल्यावर घोडे नि सामान राखायचं, हे त्यांचं काम. घोड्यांशी त्यांचं विलक्षण जमायचं. पुढे अग्निशमन दलाच्या घोडागाड्या आल्या, तिथेही हेच कुत्रे पुढे धावून रस्ता मोकळा करायचे. मोटारी आल्या, घोडे गेले, पण अमेरिकेतल्या अग्निशमन केंद्रांनी डाल्मेशियनला मानाने ठेवून घेतलं.

गाड्या गेल्या तरी शरीर तेच राहिलंय. अमेरिकेतल्या डाल्मेशियन क्लबच्या 'रोड ट्रायल' आजही होतात. त्यात कुत्र्याने घोड्याबरोबर सुमारे २० किलोमीटर पळायचं असतं, आणि वरच्या किताबासाठी सुमारे ४० किलोमीटर. तुमच्या सोफ्याशेजारी लोळणाऱ्या पिल्लाच्या अंगात हेच रक्त आहे, हे पुढच्या पायरीसाठी लक्षात असू द्या.

पायरी २: तुमचा दिवस त्याच्या पायांना पुरेल का

पूर्ण वाढलेला डाल्मेशियन मध्यम ते मोठ्या आकाराचा असतो. एफसीआयच्या मापाप्रमाणे नर खांद्यापाशी ५६ ते ६२ सेंटीमीटर, मादी ५४ ते ६० सेंटीमीटर. वजन साधारण २० ते ३० किलोंच्या आसपास. अंगाने सडपातळ, पण पट्टा ओढायला लागला की हात खांद्यातून निखळेल असं वाटतं.

त्याला रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम लागतो. त्यातला काही वेळ कुंपण असलेल्या जागेत पट्टा सोडून पळायला मिळाला तर उत्तम. दहा मिनिटं कोपऱ्यापर्यंत जाऊन आला की याचं भागत नाही. तुमच्या घरातलं कुणीतरी पळायला किंवा लांब चालायला जाणारं असेल तर अर्धी काळजी मिटली.

हे मिळालं नाही तर काय होतं? तो घर उकरतो. चपला, उशा, दाराच्या चौकटी, जे तोंडाला लागेल ते. लोक म्हणतात कुत्रा बिघडला. त्याच्या अंगात दिवसभराची ताकद साचलेली असते आणि ती कुठूनतरी बाहेर पडते, इतकंच. दुसरी गोष्ट, हा माणसाला चिकटून राहणारा कुत्रा आहे. अंगणात बांधून ठेवला तर तो खंगतो. दिवसाचे आठ-नऊ तास घरात कुणीच नसेल तर मी तुम्हाला ही जात घेऊ नका असंच सांगेन.

एक मात्र सांभाळा. पिल्लू उत्साहात कितीही पळायला तयार असलं तरी हाडं आणि सांधे पक्के व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर सायकलमागे पळवणं, कडक रस्त्यावर मैलोन् मैल धावायला नेणं, उंच उड्या, हे टाळा. मातीवर, गवतावर त्याच्या मनाने खेळू द्या, दमला की थांबू द्या. सायकलमागची शर्यत दोन वर्षांनंतरही लावता येते.

घरात अगदी लहान मूल असेल तर आणखी एक विचार. डाल्मेशियन मुलांवर जीव लावतो, पण त्याचा आनंद धसमुसळा असतो. दारात स्वागताला धावला की दोन वर्षांचं मूल आडवं होतं, आणि त्याची शेपटी चाबकासारखी लागते. मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत थांबलात तर दोघांचंही भलं.

पायरी ३: कान

या जातीत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण फार मोठं आहे. अमेरिकेत तपासलेल्या हजारो डाल्मेशियनांमध्ये साधारण ८ टक्के दोन्ही कानांनी आणि साधारण २२ टक्के एका कानाने बहिरे निघाले. म्हणजे दहा पिल्लांमागे सुमारे तिघांच्या कानात काहीतरी उणं.

कारण त्या पांढऱ्या रंगातच आहे. डाल्मेशियन मुळात पांढरा कुत्रा, ठिपके त्याच्यावर नंतर उमटतात. असा पांढरेपणा येतो तो अंगात रंगपेशी कमी पोचल्यामुळे. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा नीट राहायला याच रंगपेशी लागतात. त्या तिथे पोचल्या नाहीत की जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत तो भाग वाळून जातो आणि कान कायमचा जातो. निळ्या डोळ्यांच्या डाल्मेशियनांमध्ये बहिरेपणा जास्त सापडतो, तोही याचमुळे: डोळ्यातही रंग पोचलेला नसतो. उलट काही पिल्लांच्या अंगावर जन्मतःच मोठा गडद डाग असतो, बहुतेक वेळा कानावर किंवा डोळ्याभोवती. त्याला 'पॅच' म्हणतात. पॅचवाली पिल्लं बहिरी निघण्याची शक्यता कमी असते. गंमत अशी की डॉग शोमध्ये पॅच हा दोष धरतात, म्हणून ही पिल्लं मागे पडतात. तुम्हाला शोमध्ये उतरायचं नसेल तर पॅचवालं पिल्लू आनंदाने घ्या.

ऐकू येतं की नाही हे खात्रीने सांगणारी चाचणी एकच, बीएईआर. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की ती करता येते. डोक्याच्या कातडीत केसासारख्या बारीक सुया अडकवतात, एकेका कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत संदेश पोचतोय का ते संगणकावर उमटतं. काही मिनिटांचं काम. बहुतेक पिल्लांना भूलही द्यावी लागत नाही. आलेखावर चढउतार दिसले तर कान चालू, सरळ रेघ आली तर बंद.

ही चाचणी जवळपास होतच नसेल, तर निदान घरची पारख करा. ती करतानाही लोक एक चूक हमखास करतात: सगळी पिल्लं एकत्र असताना टाळी वाजवतात. बहिरं पिल्लू भावंडं उठली की त्यांच्या हालचालीने जागं होतं आणि सगळ्यांसारखंच वळून बघतं. म्हणून प्रत्येक पिल्लू वेगळं करा. ते गाढ झोपलेलं असताना, पाठीमागून, आपली सावली पडणार नाही आणि जमीन हादरणार नाही अशा बेताने शिट्टी वाजवा किंवा चिंधीत गुंडाळलेल्या किल्ल्या खुळखुळवा. मी पाहिलेल्या एका वेतात अशी एक मादी होती. सगळ्यांत शांत, कुणाच्याही मांडीवर झोपणारी, म्हणून येणारा प्रत्येकजण तिलाच पसंत करत होता. तिच्या कानामागे बोटभर अंतरावर किल्ल्या वाजवल्या, तिचा श्वाससुद्धा बदलला नाही.

एका कानाने बहिरं असलेलं पिल्लू घरच्या पारखीत कळत नाही, ते फक्त बीएईआरमध्ये कळतं. पण त्याला घरात काहीच अडचण येत नाही. आवाज कुठून आला हे शोधताना जरा गोंधळतो, तेवढंच. त्याच्यापासून पिल्लं मात्र घेऊ नयेत. दोन्ही कानांनी बहिरा कुत्राही हाताच्या खुणांवर छान शिकतो, पण त्याला उघड्यावर पट्टा सोडून कधीच नेता येत नाही, आणि झोपेत अचानक हात लावला तर तो दचकून चावू शकतो. ही जबाबदारी जाणूनबुजून घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. नकळत ती गळ्यात पडू नये.

पायरी ४: पिल्लू कुणाकडून आणि कसं

ब्रीडरकडे गेलात की पिल्लाच्या आधी आई बघा. ती तुमच्याकडे कशी येते? शेपटी हलवत आली, हुंगून बाजूला बसली, तर निम्मी परीक्षा झाली. भेदरून कोपऱ्यात गेली किंवा दात दाखवत गुरगुरली तर पिल्लं कितीही गोंडस असली तरी थांबा. डाल्मेशियन मुळात हळव्या मनाचा असतो, त्यात भित्रेपणा रक्तातून आला तर तो घालवणं फार कठीण.

मग विचारा: आई-वडिलांची बीएईआर झाली आहे का, निकाल काय आला? पिल्लांची केली का? वडिलांना किंवा आजोबांना मूतखडा झाला होता का? आधीच्या वेतातली पिल्लं आज कशी आहेत? चांगला ब्रीडर या प्रश्नांना कंटाळत नाही, उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो. जो म्हणतो "आमच्याकडे असलं काही नसतं", त्याच्याकडून मी पिल्लू घेणार नाही. बहिरेपणासारखी तीस टक्क्यांच्या घरातली गोष्ट एखाद्या कुळात अजिबातच नाही असं होत नाही.

ठिपके दोनच रंगांचे मान्य आहेत: काळे किंवा गडद चॉकलेटी, ज्याला लिव्हर म्हणतात. काळ्या ठिपक्यांचं नाक काळं, चॉकलेटी ठिपक्यांचं नाक चॉकलेटी. फिकट पिवळट ठिपक्यांची किंवा लांब केसांची पिल्लंही कधीमधी होतात. ती पाळायला तितकीच गोड असतात, पण 'दुर्मीळ रंग' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

नर की मादी? पुढची पायरी वाचल्यावर ठरवा. माझ्या मते पहिल्यांदाच पाळणाऱ्याने मादी घ्यावी.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आणि पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर चार-पाच वर्षांचा, घर हरवलेला डाल्मेशियन दत्तक घेण्याचाही विचार करा. त्याचे कान, स्वभाव, तब्येत सगळं समोर दिसत असतं आणि चपला खाण्याचं वय मागे पडलेलं असतं.

पायरी ५: लघवी, पाणी आणि ताट

ही पायरी सगळ्यांत मोठी, कारण ती रोजची आहे.

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक ॲसिड यकृतात जाऊन पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात बदलतं आणि लघवीवाटे निघून जातं. डाल्मेशियनमध्ये युरिक ॲसिडला पेशीच्या आत नेणारी वाट बिघडलेली असते. यकृतात ते बदलणारं विकर असतं, पण माल कारखान्याच्या दारातच अडतो. मूत्रपिंडही ते पुरेसं परत ओढून घेत नाही. त्यामुळे त्याच्या लघवीत इतर कुत्र्यांच्या कितीतरी पट युरिक ॲसिड उतरतं आणि त्याचे खडे होऊ शकतात. हा बिघाड असलेला जीन २००८ मध्ये नेमका सापडला. शुद्ध जातीच्या डाल्मेशियनांमध्ये तो सर्रास असतो. म्हणजे चांगल्या कुळातलं, महागडं पिल्लू घेतलं म्हणून यातून सुटका नाही.

सुटकेची एक वाट माणसाने काढली. १९७३ मध्ये रॉबर्ट शेबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढच्या सगळ्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवत नेल्या. दिसायला, वागायला पूर्ण डाल्मेशियन, पण लघवी निरोगी, अशी कुत्री त्यातून तयार झाली. जातिशुद्धतेच्या वादात ती वर्षानुवर्षं अडकली. २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यांना नोंदणी दिली. यांना 'एलयूए' (लो युरिक ॲसिड, म्हणजे कमी युरिक ॲसिडवाले) डाल्मेशियन म्हणतात आणि ते डीएनए चाचणीने पडताळता येतं. असं पिल्लू मिळत असेल तर मागचा-पुढचा विचार न करता घ्या. मिळत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

युरिक ॲसिड सगळ्यांच्या लघवीत असलं तरी खडा सगळ्यांना होत नाही. मादीचा मूत्रमार्ग रुंद आणि आखूड, बारीक कण वाहून जातात. नराचा अरुंद, आणि लिंगात एक हाड असतं, तिथे कण अडकतो. म्हणून खरी भीती नराला.

पहिला उपाय पाणी. दिवसभर ताजं, दोन-तीन ठिकाणी ठेवलेलं. कोरडं डॉग फूड देत असाल तर त्यात पाणी घालून, भिजवून द्या. लघवी फिकट दिसली पाहिजे. गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. दुसरा उपाय वेळच्या वेळी बाहेर नेणं. झोपण्याआधी शेवटची फेरी आणि सकाळी उठल्या उठल्या पहिली, या दोन कधीही चुकवू नका, कारण रात्रभर तुंबलेल्या लघवीतच खडे धरतात. दहा-दहा तास लघवी दाबून बसायला लावणं हा डाल्मेशियनवर अन्याय आहे.

मग ताट. युरिक ॲसिड बनतं प्युरीन या अन्नातल्या घटकापासून. प्रोटीन आणि प्युरीन एकच आहे अशा समजुतीने काही लोक कुत्र्याचं प्रोटीनच तोडतात, तसं करू नका, वाढत्या पिल्लाचं तर मुळीच नाही. अंड्यात भरपूर प्रोटीन असतं आणि प्युरीन नगण्य. दही-पनीरचंही तसंच. कायमचं बंद करायचं ते कलेजी, गुर्दा, भेजा असे अवयव, त्यांचा रस्सा, तार्ली, बांगड्यासारखे तेलकट मासे आणि यीस्ट घातलेले खाऊ. लाल मांस आणि शिकारीच्या प्राण्यांचं मांसही शक्यतो नको. कोंबडी बेताने. डाळी, वाटाणे, पालक, मशरूम, फ्लॉवर यांत मध्यम प्युरीन असतं, चवीपुरतं चालतं. भात, बटाटा, गाजर, दुधी निर्धास्त द्या. तयार खाऊचं पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. 'लिव्हर फ्लेवर' बिस्किटं, ट्रेनिंगचे खाऊ यांत कलेजी हमखास असते, आणि दिवसाला वीस तुकडे जातात ते कुणाच्या लक्षात येत नाही.

लघवी आम्ल असली की खडे लवकर धरतात. औषधाच्या दुकानात पीएच पट्ट्या मिळतात. पंधरवड्यातून एकदा सकाळची पहिली लघवी तपासा. ७ च्या आसपास किंवा किंचित वर असेल तर ठीक. सतत ६ च्या घरात येत असेल तर पशुवैद्याला दाखवा.

आता आमच्या बंडूची गोष्ट सांगते, कारण यातून मी जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडेल. चार वर्षांचा होता. एका संध्याकाळी फिरताना त्याने खांबापाशी पाय वर केला, नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच उभा राहिला. पुढच्या झाडापाशी पुन्हा. तिसऱ्या ठिकाणी मी वाकून पाहिलं तर थेंब थेंब पडत होते आणि पोटाचा स्नायू ताठ झाला होता. लगेच दवाखाना गाठला. तिथे एक्स-रे काढला, काही दिसलं नाही, जंतुसंसर्गाची गोळी देऊन घरी पाठवलं. रात्री दोनला त्याने उलटी केली आणि पाण्यालाही तोंड लावेना. दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी केली तेव्हा पडद्यावर मूत्राशयाच्या तळाशी मोहरीएवढे ठिपके चमकले, आणि एक कण मूत्रमार्गात रुतला होता. नळी घालून तो मागे ढकलला, दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. बंडू वाचला.

युरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाहीत. हे वाक्य लिहून फ्रिजवर लावा. तुमच्या डाल्मेशियनला लघवी अडखळत होत असेल तर सोनोग्राफीच मागा. वारंवार पाय वर करणं, थेंब थेंब लघवी, लघवीत रक्त, तिथे सतत चाटणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दाखवा. लघवी पूर्ण बंद झाली, उलट्या सुरू झाल्या, तर एक तासही वाट बघू नका, मूत्राशय फुटू शकतं.

खडे विरघळवायला ॲलोप्युरिनॉल नावाचं औषध वापरतात. ते चांगलं आहे, पण जेवणातलं प्युरीन न सांभाळता दिलं तर वेगळ्याच, झँथिनच्या खड्यांना जन्म देतं. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून स्वतःहून सुरू करू नका.

पायरी ६: शिकवताना आवाज खाली

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे फार पाहुणे बोलावू नका. झोपायची जागा, शी-शूची जागा आणि जेवायची वेळ या तीन गोष्टी ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच पाळा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या. जागच्या जागी केली की तोंडभर कौतुक करा. घरात झाली तर काही न बोलता पुसून टाका.

डाल्मेशियन हुशार आहे, पण तो हुकमाचा ताबेदार नाही. "कशाला?" असं विचारल्यासारखा एकदा तुमच्याकडे बघतो. त्या क्षणी ओरडलात तर तो कान मागे टाकून बंद होतो आणि तो प्रसंग महिनोन् महिने विसरत नाही. मारणं तर या कुत्र्याच्या बाबतीत संबंध तोडणंच आहे. पाच-सात मिनिटांचे छोटे धडे, दिवसातून तीनदा, हातात उकडलेल्या अंड्याचा किंवा गाजराचा तुकडा. या रीतीने तो सगळं शिकतो.

पहिल्या दोन महिन्यांत शिकवायच्या गोष्टींत 'ये' ही हाक सगळ्यांत वरची. ती प्रत्येक वेळी हाताच्या खुणेबरोबर शिकवा. म्हातारपणी ऐकू कमी आलं किंवा एक कान आधीच गेलेला असला तरी खूण उपयोगी पडते. पट्टा ओढायला लागला की थांबा, ढिला सोडला की चाला. कंटाळवाणं आहे, पण सहा महिन्यांच्या आत हे झालं नाही तर नंतर २५ किलोचा कुत्रा तुम्हाला फिरवतो.

पायरी ७: केस आणि कातडी

केस आखूड आहेत म्हणून गळत नसतील, हा गैरसमज सोडा. ते वर्षभर गळतात. टोकदार, ताठ पांढरे केस कापडात सुईसारखे शिरतात आणि झटकून निघत नाहीत. रबरी दात असलेल्या ब्रशने आठवड्यातून दोन-तीनदा, घोड्याला खरारा करतात तसा अंगभर हात फिरवा. घरातले केस निम्म्यावर येतात, आणि कुत्रा तर या वेळी डोळे मिटून अंगावरच कलतो. आंघोळ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे, या जातीला फारसा वास येत नाही.

केसांखालची कातडी बऱ्याच ठिकाणी गुलाबी असते. नाकाचा वरचा भाग, पोट, कानाच्या कडा उन्हात भाजतात, म्हणून भर दुपारी बाहेर ठेवू नका. गवत, परागकण, पिसवा किंवा एखादं अन्न यांची ॲलर्जीही या जातीत बरीच दिसते. पोटावर लाल पुळ्या, पंजे चाटणं सुरू झालं की गेल्या आठवड्यात नवीन काय खाल्लं, कुठे लोळला, हे लिहून ठेवा. पशुवैद्याला त्याचा फार उपयोग होतो.

आणि एक दिवस तो हसेल

काही डाल्मेशियन खरोखर हसतात. सगळे नाही, पण बरेच. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, कारण वरचा ओठ वर जातो, पुढचे सगळे दात दिसतात, नाकावर सुरकुत्या पडतात. गुरगुरणाऱ्या कुत्र्याचंही तोंड असंच होतं. फरक तोंडाखाली बघायचा. चावायला आलेला कुत्रा ताठ असतो, नजर रोखलेली, शेपटी स्थिर किंवा वर ताणलेली. हसणारा डाल्मेशियन कंबरेतून वाकडातिकडा होत येतो, डोळे बारीक, कान मागे, डोकं खाली, मागचा अर्धा भाग शेपटीबरोबर हलत असतो. बहुतेक वेळा त्याला दोन-तीन शिंकाही येतात.

घरी येणाऱ्या पाहुण्यांना आणि मुलांना हे आधी सांगून ठेवा. आणि त्याला या हसण्याबद्दल कधीही दटावू नका. बंडू आता दहा वर्षांचा आहे, जिना चढताना दोनदा थांबतो, पण कुलपात किल्ली फिरली की दारामागून शिंक ऐकू येते.